गाडी जमिनीवर आल्यावर

सस्पेन्शनमधल्या रबरी बुशचा बोल्ट पूर्ण कधी आवळायचा, याची एक ठरलेली वेळ असते. गाडी उचललेली आणि चाकं हवेत लोंबत असताना तो नुसता बसेल इतपतच फिरवायचा. मग गाडी खाली घ्यायची, तिचं वजन तिच्या चाकांवर येऊ द्यायचं, आणि पाठीवर सरपटत पुन्हा आत जाऊन शेवटचा जोर द्यायचा. गाडी वर असतानाच आवळून टाकणं केव्हाही सोपं. जागा मोकळी असते, हात सरळ राहतो, पाना पूर्ण फिरतो. खाली घेतल्यावर तेच काम इंचाइंचाने करावं लागतं. आणि दोन्ही पद्धतींनी आवळलेला बोल्ट दिसायला अगदी सारखा. गाडी गॅरेजबाहेर पडते तेव्हा तेवढीच शांत चालते. फरक पडतो तो वर्ष-दीड वर्षाने. तेव्हाही बुश फाटल्याचं कळतं, का फाटलं ते कळत नाही.

गेले काही महिने माझ्या डोक्यात जो प्रश्न आहे तो या बोल्टापाशी सुरू होतो. वाईट केलं तरी जे कुणाला जवळपास कधीच सिद्ध करता येणार नाही, असं काम नीट का करायचं?

गाडीखाली कधी न गेलेल्यांसाठी आधी बुश म्हणजे काय ते सांगतो. एक लोखंडी नळी, तिच्या आत दुसरी बारीक नळी, आणि दोघींच्या मधल्या जागेत दोन्हीकडे घट्ट चिकटलेलं रबर. बाहेरची नळी पाट्याच्या टोकाला गुंडाळी करून केलेल्या भोकात दाबून बसवलेली असते. आतल्या नळीतून बोल्ट जातो आणि ती बॉडीच्या ब्रॅकेटला आवळली जाते. पाटा खालीवर होतो तेव्हा नळ्या एकमेकींवर घासत नाहीत. मधलं रबर पिळलं जातं आणि परत सुटतं. फिरणारं असं तिथे काही नसतंच. म्हणून त्या रबराचं 'शून्य' कुठे धरलंय याला महत्त्व. बोल्ट आवळला त्या क्षणी पाटा ज्या कोनात असेल, तो त्या रबराचा आराम. चाकं लोंबत असताना आवळलं तर लोंबणं हाच आराम ठरतो, आणि मग गाडी पार्किंगमध्ये नुसती उभी असली तरी रबर पिळलेलंच असतं. रात्रभर, महिनाभर. रस्त्यावरचे खड्डे त्यात आणखी भर घालतात.

आमची गाडी १९८९ची प्रीमियर पद्मिनी. घरात तिला कुणी पद्मिनी म्हणत नाही, 'फियाट'च म्हणतात, आणि ते चूकही नाही. मूळ गाडी इटलीची फियाट ११००. वालचंद समूहाच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने ती मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात परवान्यावर बनवली आणि १९७४पासून तिला पद्मिनी हे नाव दिलं. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, पुढे कॉइल स्प्रिंग, मागे ट्रकसारखे पाटे. आजोबांनी घेतली, आता बाबा चालवतात. पंधरा वर्षं उलटल्यावर दर पाच वर्षांनी आरटीओत जाऊन नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं, ते बाबा एखाद्या व्रतासारखं करतात. महिन्या-दोन महिन्यांनी आईला घेऊन ते वाईला जातात. म्हणजे खंबाटकी घाट आला. पाट्याच्या पुढच्या टोकाचं बुश गेलं की मागचा आख्खा ॲक्सल आपल्या जागेवरून थोडा थोडा सरकू लागतो. वळणावर गाडी मागून आपलं आपण वळते आहे असं वाटतं. सपाट रस्त्यावर ही नुसती कटकट असते. घाटात शेजारून कंटेनर जात असताना ती कटकट राहत नाही.

तर ही बुशं एका गॅरेजमध्ये बदलून घेतली होती. चौदा महिन्यांनी स्पीडब्रेकरवर मागून पुन्हा 'टक' असा आवाज यायला लागला, आणि पुण्यात स्पीडब्रेकरांची चणचण नसल्यामुळे तो दिवसभर येत राहिला. मी खाली जाऊन टॉर्च मारला. डावीकडचं रबर आतल्या नळीपासून सुटलं होतं, एका बाजूने तिरकं, पिळून फाटावं तसं. गॅरेजचं नाव लिहीत नाही, कारण सिद्ध काहीच होत नाही. रबर हलकं असू शकतं. जुन्या साठ्यातलं असू शकतं. रबर दुकानाच्या कपाटातसुद्धा म्हातारं होतं. १८३९ साली चार्ल्स गुडइयरला गंधक आणि उष्णतेने रबर टिकाऊ करण्याची युक्ती सापडली खरी, पण ऊन, ओझोन आणि गळणारं ऑइल हे तिघं तेव्हापासून तिच्यामागे लागलेत. शिवाय आमचे रस्ते. दोषी ठरवायला इतके उमेदवार असताना बोल्टाकडे कोण बोट दाखवणार?

मी घरीच करायचं ठरवलं. डिग्री मेकॅनिकलची आणि नोकरी सॉफ्टवेअरची ही हिंजवडीत इतकी सर्वसाधारण गोष्ट आहे, की तिचं कुणाला दुःख होत नाही. पण पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये तासन्‌तास कानस घासून केलेला तो चौकोनी तुकडा माझ्याकडे अजून आहे, आणि हातांना कुठेतरी येणं बाकी आहे असं वाटत राहतं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये दुरुस्तीची कामं करू नयेत अशी नोटीस आहे. ती दोन शनिवार कुणी वाचली नाही, याबद्दल मी सेक्रेटरीकाकांचा आभारी आहे.

कामाचं वर्णन थोडं सविस्तर करतो. पुढच्या प्रश्नाला त्याची गरज आहे. पुढच्या चाकांना लाकडी ओटी लावली, मागची बाजू उचलून बॉडीखाली दोन्हीकडे जॅक स्टँड दिले, आणि ॲक्सल वेगळ्या जॅकवर तोलून धरला. (स्टँडऐवजी सिमेंटचे पोकळ ब्लॉक वापरणारे लोक मी पाहिलेत. ते ब्लॉक तडा न दाखवता एकदम फुटतात. हे वाचणाऱ्या कुणीही तसं करू नये.) पाट्याला ॲक्सलशी बांधणारे यू-बोल्ट सुटले, मागची शॅकल सुटली, पण पुढचा बोल्ट आतल्या नळीतच गंजून एकजीव झाला होता. आदल्या रात्रीपासून तेल सोडून ठेवलं होतं तरी त्याने पहिला शनिवार खाल्ला. जुनं बुश काढायला लोक रबर जाळतात. तो धूर माझ्या फुप्फुसांना आणि शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांना नको होता. ड्रिलने रबर पोखरलं, आतली नळी बाहेर ढकलली, आणि मग हॅकसॉचं पातं भोकातून घालून बाहेरची नळी आतून चिरली. पात्याचा एक घाव जास्त पडला तर पाट्यालाच खाच पडते आणि पुढेमागे तिथूनच तडा जातो. त्यामुळे शेवटचा मिलिमीटर चिरायला आधीच्या सगळ्या चिरण्याएवढा वेळ लागला. नवं बुश ठोकत नाहीत. ठोकताना घाव आतल्या नळीवर बसला तर रबराची चिकटण बसवण्याआधीच सुटते. आट्यांचा लांब दांडा, दोन जाड वॉशर आणि मोठ्या मापाचं सॉकेट घेऊन नट फिरवत ते हळूहळू ओढून आत घ्यायचं.

दुसऱ्या शनिवारी दुपारी सगळं जोडून झालं. राहिले होते ते फक्त पुढचे दोन बोल्ट, शेवटचा जोर द्यायचे. गाडी वर होती, मी खाली होतो, पाना हातात होता. दोन मिनिटांचं काम.

त्याऐवजी बाहेर आलो. जुन्या दिवाणाच्या जाड फळ्या मागच्या चाकांखाली सरकवल्या, म्हणजे आत शिरायला चार बोटं जास्त मिळतात. गाडी त्यांवर उतरवली, डिकीवर चार-पाचदा दाबून पाटे बसू दिले, आणि पुन्हा आत गेलो. आता नाक सायलेन्सरला लागत होतं. टॉर्क रेंच एका वेळी घड्याळाच्या पाच मिनिटांएवढाच फिरत होता. दोन बोल्टांना चाळीस मिनिटं लागली.

ही चाळीस मिनिटं नक्की कुणासाठी होती? 'स्वतःच्या आईवडिलांसाठी' हे उत्तर लगेच येतं आणि ते खरंही आहे, पण त्याने प्रश्न सुटत नाही. गॅरेजमध्ये येणाऱ्या प्रत्येक गाडीत मेकॅनिकचे आईवडील बसलेले नसतात.

प्लेटोच्या 'रिपब्लिक'च्या दुसऱ्या भागात ग्लॉकॉन एका मेंढपाळाची गोष्ट सांगतो. गायजीसची अंगठी म्हणून ती ओळखली जाते. अंगठीचा खडा आत फिरवला की घालणारा अदृश्य होतो. मेंढपाळाला ती सापडते आणि तो राणीला वश करतो, राजाला मारतो, राज्य घेतो. ग्लॉकॉनचं म्हणणं असं, की अशी अंगठी दिली तर न्यायी आणि अन्यायी माणसात फरक उरणार नाही. ही गोष्ट वाचताना ती नेहमी काल्पनिक वाटते, अदृश्य कोण होणार म्हणून. पण गाडीखाली झोपलेला माणूस जवळपास अदृश्यच असतो. तो दिसत नाही असं नव्हे, त्याचे पाय बाहेर असतात. त्याचं काम दिसत नाही. लिफ्टखालच्या प्रत्येकाच्या बोटात ती अंगठी असते, आणि त्याला राज्य नको असतं, फक्त अडतीस मिनिटं वाचवायची असतात.

कांटने १७८५ साली दुकानदाराचं उदाहरण दिलं. हा दुकानदार अननुभवी गिऱ्हाइकाला जास्त भाव लावत नाही. लहान मूलही त्याच्याकडून निर्धास्त खरेदी करू शकतं. पण तो हे कर्तव्य म्हणून करतो की धंद्याचं नाव राहावं म्हणून? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, असा कांटचा मुद्दा. बोल्टाच्या बाबतीत मात्र हा गुंता सुटतो, कारण इथे धंद्याच्या नावाचा संबंधच तुटलेला आहे. नीट आवळून नाव होत नाही, वर आवळून जात नाही. अर्थशास्त्रात अशा मालाला वेगळं खातं आहे. मायकेल डार्बी आणि एडी कार्नी यांनी १९७३ साली मांडलं, की काही वस्तूंचा दर्जा घेण्याआधी कळतो, काहींचा वापरल्यावर, आणि दुरुस्तीसारख्या काही सेवांचा वापरल्यानंतरही नीट कळत नाही. त्यांच्या लेखाचं शीर्षकच मुक्त स्पर्धा आणि फसवणुकीचं 'इष्टतम' प्रमाण असं आहे. ते वाचून हसू येतं आणि मग येत नाही.

आपल्याकडे हे सगळं एका वाक्प्रचारात आहे: जनाची नाही, तर मनाची तरी. त्यात एक क्रम आहे, तो माझ्या उशिरा लक्षात आला. आधी जनाची. मनाची लाज ही 'तरी'च्या पलीकडे उभी आहे, जन कमी पडले तर बोलवायची राखीव खेळाडू. बहुतेक चांगली कामं जनाच्या लाजेवर चालतात आणि त्यात कमीपणा नाही. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनींचंच घ्या. ऑक्टोबर २०२३अखेर शेवटची रस्त्यावरून उतरली. त्या टॅक्सीच्या चालकाचं आणि नाक्यावरच्या मेकॅनिकचं नातं कसं असेल याची कल्पना करता येते. रोज तीच गाडी, तोच नाका, तोच चहा. बुश लवकर गेलं तर बोल्टाचं कारण कुणाला कळणार नाही, पण 'तुझ्या हातचं टिकत नाही' हे दहाजणांत बोललं जाणार. कारण न कळताही लाज पोचते. माझ्यासारखा माणूस दीड वर्षातून एकदा गुगल मॅपवरचे तारे पाहून गॅरेज निवडतो, तेव्हा तो दहाजणांचा नाका सोबत आणत नाही. मग समोरच्याने एकट्या मनाच्या लाजेवर काम करावं अशी अपेक्षा उरते.

ही अपेक्षा कितपत रास्त आहे, हे मला नाना पेठेत कळलं. बुशं तिथूनच घेतली. दुकानाच्या शेजारी एक वयस्कर मेकॅनिक जुन्या गाड्यांची कामं करतात. मी सहज विचारलं, "काका, पाट्याचे बोल्ट गाडी खाली घेतल्यावर आवळता ना?"

"आवळायला पाहिजेत," ते म्हणाले.

"पण आवळतात का?"

त्यांनी हात पुसले. "साहेब, लिफ्ट एक आहे. गाडी खाली घेतली तर पाना घालायला परत रॅम्प पाहिजे, नाहीतर पोराला जमिनीवर झोपवा. मागे तीन गाड्या उभ्या. गिऱ्हाईक बुशचे पैसे देतं, ते त्याला दिसतं. झोपायचे कोण देणार?"

यात त्यांनी काही लपवलं नाही आणि लाजही बाळगली नाही. काम कसं करायचं हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. सॉक्रेटिसचं ग्लॉकॉनला उत्तर असं, की अन्याय करणाऱ्याचा आत्मा विस्कटतो, तो स्वतःशीच भांडत राहतो. त्या काकांकडे पाहून तरी तसं वाटलं नाही. चांगली झोप लागत असावी.

इथे माझ्या चाळीस मिनिटांकडे परत बघावं लागतं. ती मला परवडली. शनिवार होता, महिन्याचा पगार जमा झालेला होता, मागे तीन गाड्या उभ्या नव्हत्या. हौशी माणसाचा प्रामाणिकपणा हा बराचसा सुट्टीच्या दिवशीचा प्रामाणिकपणा असतो. त्याचं भाडं दुसऱ्याच कुठल्यातरी धंद्यातून येतं. माझ्या बाबतीत तो धंदा सॉफ्टवेअरचा, आणि तिथे लिफ्ट एकच असते हे आत काम करणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. रिलीज शुक्रवारी असतो. चाचण्या हिरव्या असतात. कोड वाचणारा सहकारी बोल्ट आवळलेला आहे एवढं बघतो, आणि तो आवळलेला असतोच. कुणाची गाडी घाटात आहे हे आमच्यातल्या कुणालाच दिसत नाही. घरी कामाची पूजा करणाऱ्या आयटीवाल्यांनी (मीही आलो त्यात) मेकॅनिकांना नीतिमत्ता शिकवण्याआधी आपल्या सोमवार ते शुक्रवारकडे एकदा बघावं. पण म्हणून शनिवारचं नीट केलेलं काम खोटं ठरतं, असंही मला वाटत नाही. परवडतं म्हणून केलेलं बरोबर काम बरोबरच असतं. एवढंच, की त्यावरून स्वतःच्या स्वभावाबद्दल फार निष्कर्ष काढू नयेत.

यावर एक अभियांत्रिकी उत्तर आहे आणि ते मोहात पाडणारं आहे. रबराऐवजी पॉलियुरेथेनचं बुश घाला. ते आतल्या नळीला चिकटलेलं नसतं, ग्रीस लावलेल्या नळीभोवती फिरतं. त्याला शून्य नाही, त्यामुळे वर आवळा की खाली, काही बिघडत नाही. मनाच्या लाजेची गरजच काढून टाकणारं बुश. जपानी कारखान्यांत याला पोका-योके म्हणतात, म्हणजे चूक करताच येणार नाही अशी रचना. आमच्या धंद्यातही टाइप-चेकरपासून अनेक गोष्टी त्याच जातीच्या आहेत आणि मी त्यांचा कट्टर समर्थक आहे. माणसाच्या चांगुलपणावर कमीत कमी भार पडेल अशी व्यवस्था करणं हे स्वतः एक नैतिक काम आहे. विमानं त्यावरच उडतात. तरी मी रबरच घातलं. पॉलियुरेथेन कडक असतं, जो हादरा ते गिळत नाही तो पुढे ब्रॅकेटकडे जातो, आणि आमच्या ब्रॅकेटचा पत्रा १९८९चा आहे. ग्रीस सुकलं की ते कुरकुरतं, हा आणखी एक भाग. नव्या दणकट गाडीला मी कदाचित तेच घातलं असतं. जुन्या पत्र्याला मऊ मध्यस्थ हवा होता, आणि मऊ मध्यस्थ हवा असेल तर तो बसवणाऱ्या माणसावर भरवसा ठेवणं आलं.

काम झाल्यावर बाबा खाली आले. "झालं का रे?" त्यांनी विचारलं. "झालं," मी म्हटलं. चौदा महिन्यांपूर्वी गॅरेजवाल्यानेही त्यांना याच शब्दात उत्तर दिलं होतं, आणि त्याच स्वरात त्यांनी किल्ली घेतली होती. गंजलेला बोल्ट, हॅकसॉचा शेवटचा मिलिमीटर, फळ्या, चाळीस मिनिटं या सगळ्यांचं बाहेर जाताना एवढंच होतं. शंभरेक किलोमीटरनंतर मी बोल्ट पुन्हा तपासले. नट आणि ब्रॅकेटवर मिळून पिवळ्या रंगाची रेघ ओढून ठेवली होती, ती जागच्या जागी होती. नट सैल झाला तर रेघ तुटते. नट आवळला तेव्हा गाडी वर होती की खाली, हे त्या रेघेतून वाचता येत नाही.

आता पुढच्या आर्मची बुशं आली आहेत. तिथे स्प्रिंग दाबून काढावी लागते, आणि ते पार्किंगमध्ये करायची माझी तयारी नाही; दाबलेली कॉइल स्प्रिंग निसटली तर माणूस उरत नाही. म्हणून मी नाना पेठेतल्या काकांकडे गाडी न्यायचं ठरवलं आणि आधी भाव विचारायला गेलो. सुटे भाग इतके, मजुरी इतकी. मग म्हटलं, "काका, गाडी खाली घेऊन, वजन चाकांवर आल्यावर बोल्ट आवळायचे. त्या वेळाचे वेगळे पैसे सांगा, मी देतो. मी थांबीन तिथेच."

ते थोडा वेळ लिफ्टवरच्या गाडीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "त्याचा रेट कधी काढलाच नाही. थांबा, विचार करून सांगतो."